‘करूलालास’ काढून पाठवा, मग बघू : मुक्त लेखन आणि परत आलेल्या कथा

गोवावेस (बेळगाव)

नमस्कार मंडळी. या मंचावर बरेच लिहिणारे आहेत म्हणून मन मोकळं करतो.

मी पाच वर्षांपासून मुक्त लेखन करतो. रविवारच्या पुरवण्यांना लेख, दिवाळी अंकांना कथा, आणि घर चालावं म्हणून कन्नडमधून मराठीत अनुवाद. त्याआधी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. नोकरी सोडली तेव्हा आईने एकच विचारलं होतं, महिन्याला किती सुटतील? तेव्हा उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही.

गेल्या आठ दिवसांत तीन नकार आले. अनुवादाचं काम देणाऱ्या एका कंपनीने नमुना म्हणून ६०० शब्द फुकट करून घेतले आणि ‘सध्या गरज नाही’ म्हणून कळवलं. शहापूर-वडगावच्या विणकरांवरचा लेख फेब्रुवारीत पाठवला होता. चार महिने उत्तर नाही. शेवटी फोन केला तर म्हणाले, आता तो विषय जुना झाला.

तिसरा नकार मनातून जात नाही. कथेत आजी नातवाला विचारते, ‘काय करूलालास गा?’ संपादकांनी लिहिलं की कथा चांगली आहे, पण भाषेवर कानडीची छाप आहे, वाचक अडखळेल, प्रमाण मराठीत करून पाठवा, मग बघू. मी केली. दोन रात्री जागून केली. आजी ‘काय करतोयस रे?’ असं विचारू लागली. आईला वाचून दाखवली. ती अर्ध्यावर उठली आणि म्हणाली, ‘ही आपली आजी न्हवं.’ तरी पाठवली. तीही परत आली. यंदा जागा नाही.

पहिल्या खेपेला परत आली असती तर इतकं लागलं नसतं. आता वाटतं, मी आजीलाही घालवलं आणि कथाही गेली. तीन दिवस कॉम्प्युटर उघडलेला नाही. तुम्ही काय करता अशा वेळी?

मलप्रभाकाठ (खानापूर)

वाचून पोटात कालवलं. मी नकार आला की त्या दिवशी लिहीत नाही. बाईक काढतो आणि कणकुंबीपर्यंत जाऊन येतो. पावसात तो रस्ता माणसाला गप्प करतो. सल्ला म्हणून सांगत नाही, मला जमलेलं एवढंच आहे.

जुना टपाल (टिळकवाडी, बेळगाव)

बाळा, माझं वय ७१. तुझ्याएवढा होतो तेव्हा नकार टपालाने यायचा. कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. म्हणजे स्वतःच्या नकाराचं टपालखर्चही आपणच भरायचं. पोस्टमन गल्लीच्या तोंडाला दिसला की हातातल्या पाकिटाच्या जाडीवरून कळायचं. जाड पाकीट म्हणजे कथा परत. पोस्टकार्ड असेल तर स्वीकारली. माझ्या बायकोलाही ते कळू लागलं होतं. जाड पाकीट आलं की ती काही न विचारता चहा टाकायची.

आत छापील चिठ्ठी, ‘साभार परत’. त्या दोन शब्दांचा मी फार राग केला. आता वाटतं, त्यात एक सभ्यपणा होता. तुमची वस्तू आमच्याकडे होती, ती तुम्हाला पोचती केली, एवढं तरी त्यात असायचं. एक संपादक तर चिठ्ठीखाली शाईने ओळभर लिहायचे, शेवट घाईत झालाय, किंवा नायिका बोलतच नाही. ती ओळ मी महिनाभर खिशात ठेवून फिरायचो.

तुला दोन गोष्टी सांगतो. पहिली, वही कर. कथा, कुणाकडे, कोणत्या तारखेला, विचारणा कधी करायची, काय झालं. १९८१ पासूनची माझी वही आहे. परत आलेली कथा मी रात्र घरात राहू देत नसे. पुढचं नाव आधीच लिहिलेलं असायचं, तिकीट लावून संध्याकाळच्या पेटीत. दुःख करायचं ते कथा वाटेला लावल्यावर. त्यामुळे व्हायचं काय, की मन मागच्या नकारावर बसायचं नाही, पुढच्या पत्त्यावर जायचं.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. शहरातल्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण शेतातून येऊन, हातपाय धुऊन लोक मंडपात बसतात. तीन ठिकाणांहून परत आलेली माझी एक कथा मी अशाच एका मंडपात वाचली. मधल्या एका जागी बायका पदर तोंडाला लावून रडल्या. घरी येऊन मी ती जागा सोडून बाकी दोन पानं कापली. चौथ्या ठिकाणी छापून आली. संपादकाच्या आधी तुझा वाचक तुला पायी जाऊन भेटता येतो, ही सोय प्रत्येकाला नसते.

वेदगंगा (निपाणी)

गोवावेस दादा, मी अनुवादक आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या नकाराबद्दल बोलते. ६०० शब्द फुकट देऊ नका. मी १५० शब्दांच्या वर नमुना करत नाही. त्याहून जास्त हवा असेल तर दर सांगते. ‘इतर लोक करून देतात’ असं उत्तर येतं. येऊ दे. एकाच मजकुराचे तुकडे चार जणांना ‘नमुना’ म्हणून देऊन अख्खं काम फुकटात उरकलेलं मी पाहिलंय. त्याला मी नकार म्हणत नाही, ती लबाडी आहे. तुमच्या तीन नकारांतून तो एक आधी वजा करा.

आता मुख्य मुद्दा. नकार पोटावर येतो तेव्हा दुप्पट लागतो. माझ्या घरात आजी बिड्या वळायची, आई वळायची. हजाराला इतके असा हिशोब, आणि वाईट वळलेल्या बिड्या ठेकेदार बाजूला काढायचा. त्या छाटलेल्या बिड्यांवर आई कधी रडलेली मला आठवत नाही, पण त्या दिवशी हातात कमी पैसे आले की रडायची. मला लिहायला लागल्यावर ते समजलं. म्हणून मी कामं वेगळी केली. जमिनीचे आरटीसी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) उतारे, कोर्टाचे कागद, शाळेचे दाखले. सीमेपलीकडे कोल्हापूरला कुणाचा व्यवहार असेल की कन्नड कागदाचं मराठी लागतंच. हे भाकरीचं काम, सकाळी. माझं स्वतःचं लेखन दुपारनंतर. कथेकडून मी वीजबिलाची अपेक्षा ठेवत नाही. त्या दिवसापासून परत आलेली कथा फक्त परत आलेली कथा राहिली.

गोवावेस (बेळगाव)

काका, तुमची वही आणि अक्का, तुमच्या आईची गोष्ट, दोन्ही दोनदा वाचलं. एक विचारू का? कागद आणि पाकिटाच्या काळात निदान काहीतरी परत यायचं. आता ‘दोन महिन्यांत उत्तर न आल्यास नापसंत समजावे’ असं लिहितात, आणि बरेच जण तेही लिहीत नाहीत. मी दिवसातून वीस वेळा मेल उघडतो. नकार एक दिवस दुखतो. ही वाट पाहणं चार महिने दुखलं. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

अंकवाला (मूळ गाव चिकोडी तालुका, सध्या पुणे)

हा प्रश्न माझ्यासारख्यांना आहे, म्हणून उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात आहे. आम्ही दोघे आहोत, दोघांच्याही दुसऱ्या नोकऱ्या आहेत. मे ते जुलै साहित्य येतं. गेल्या वर्षी साडेतीनशेच्या आसपास मेल आले. त्यातले वीस-पंचवीस उघडल्यावर नुसती चौकोनं आणि चिन्हं दिसतात, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून तशीच फाईल पाठवलेली असते. कृपा करून युनिकोडमध्ये पाठवा. न वाचता राहिलेली कथा ही नाकारलेली कथा नसते, पण लेखकाला दोन्ही सारखंच वाटतं.

‘जागा नाही’ हे पुष्कळदा शब्दशः खरं असतं, हे मनापासून सांगतो. अंक सोळा पानांच्या फर्म्यांत छापला जातो. ऑगस्टअखेर एखादी मोठी जाहिरात गळाली की एक फर्मा कमी करावा लागतो. एक फर्मा म्हणजे दोन कथा, किंवा एक दीर्घकथा. कोणती काढायची? नवोदिताची निघते. हे न्याय्य नाही. पण घडतं ते असं घडतं, आणि त्याचा त्या कथेच्या बऱ्यावाईटाशी काही संबंध नसतो.

उत्तर न देणं ही मात्र आमची चूक आहे. वेळ नसतो हे खरं, पण त्याहून खरं हे की ‘नाही’ म्हटल्यावर येणाऱ्या उलट प्रश्नांना तोंड द्यायचं धैर्य नसतं. मी स्वतः या वर्षी प्रत्येकाला ओळ लिहायची ठरवली आहे.

आता तुमच्या आजीबद्दल. त्या संपादकांशी मी सहमत नाही. बोलीमुळे वाचक अडखळत नाही. अडखळतो तो धरसोडीमुळे. आजी पहिल्या पानावर ‘करूलालास’ म्हणते आणि चौथ्या पानावर ‘करत आहेस’ म्हणते, निवेदन कधी बोलीत कधी प्रमाणात, असं झालं की वाचकाचा पाय निसटतो. निवेदन एका भाषेत धरा, पात्रं आपापल्या भाषेत बोलू द्या, आणि एकही जागा सोडू नका. मूळ प्रत एकदा या नजरेने तपासा. आणि कळीचं म्हणजे, अर्थ कळावा म्हणून कंस टाकू नका. आजीच्या प्रश्नानंतर नातू काय करतो ते दाखवलं की प्रश्न कळतो.

मांजराकाठ (भालकी, जि. बिदर)

सीमाभाग, म्हणजे कर्नाटकात गेलेला मराठी मुलूख, म्हटलं की सगळ्यांना बेळगावच दिसतं, म्हणून आमच्याकडचंही सांगतो. आमचा भालकी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, तुमचं बेळगाव मुंबई राज्यात. आमच्या मराठीत उर्दू मुरलेली आहे. मला कुणी ‘कानडीची छाप’ म्हणत नाही, ‘हे शब्द मराठी आहेत का?’ असं विचारतात.

माझं दुखणं निराळं आहे. मी एक प्रेमकथा पाठवली. उत्तर आलं, लेखन आवडलं, सीमाप्रश्नावर काही आहे का? पुढच्या वर्षी बाप-लेकाची कथा पाठवली. पुन्हा तेच. १ नोव्हेंबर आणि १७ जानेवारी जवळ आले की मला लेखासाठी फोन येतात. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १७ जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन, सीमावादावरचा महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला २००४ पासूनचा दावा. मी लिहितो, तो आमच्या घरचाच विषय आहे. पण उरलेले ३६३ दिवस आम्ही प्रेम करत नाही का, भांडत नाही का, सोयाबीनचा भाव पडला म्हणून झोप उडत नाही का? माणूस म्हणून परत पाठवतात आणि प्रश्न म्हणून बोलावतात. हा नकार कोणत्या वहीत लिहायचा, काका?

जुना टपाल (टिळकवाडी, बेळगाव)

मांजराकाठ, वहीत लिही. पण मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नकोस. १९४६ ला इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच गावात झाला. आमच्या पिढीच्या मनात साहित्य आणि सीमाप्रश्न वेगळे नव्हतेच. ते विषय मागतात तर लिही, त्यातून तुझं नाव त्यांच्या ध्यानात राहील, मग प्रेमकथा पाठव.

मांजराकाठ (भालकी, जि. बिदर)

काका, आदर ठेवून सांगतो, सहा वर्षं तेच करतोय. नाव ध्यानात राहिलं, पण तारखेसकट.

वेदगंगा (निपाणी)

मला मांजराकाठ यांचं पटतं. इंदिरा संत बेळगावातच राहिल्या. त्यांच्या कवितेत पाऊस आहे, घर आहे, एकटेपण आहे. त्यांना कुणी विचारलं नाही की सीमेवर राहता तर हे काय लिहिता. पु. ल. इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, त्यांच्याकडेही कुणी असा दाखला मागितला नाही. आमच्याकडेच का मागावा?

जुना टपाल (टिळकवाडी, बेळगाव)

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. विचार करतो.

गोवावेस (बेळगाव)

एक गोष्ट सांगायची राहिली होती, कारण सांगावी की नाही कळत नव्हतं. विणकरांचा विषय ‘जुना झाला’ असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्याच पुरवणीत काल तो विषय आलाय. दुसऱ्याच्या नावाने. माझी वाक्यं नाहीत, पण मी ज्या दोन गोष्टींपासून सुरुवात केली होती त्याच दोन गोष्टी. सकाळपासून हात थरथरताहेत.

कोर्टरस्ता (बेळगाव)

वकील आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. विषयावर किंवा कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर, शब्दांवर. वाक्यं तुमची नसतील तर कायद्याने फार काही हाती लागणार नाही, आणि एकाच हंगामात दोघांना एकच विषय सुचणंही शक्य आहे. हे कडू आहे, पण खोटी आशा देणार नाही.

मात्र एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. पगारी पत्रकाराची गोष्ट वेगळी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. त्यामुळे नाकारलेला लेख संपूर्ण तुमचाच आहे. तो लगेच दुसरीकडे पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. लोक महिनोन्‌महिने ‘त्यांच्याकडे आहे’ म्हणून थांबतात, ते थांबणं कायद्याला नको असतं. विचारणा करा, ‘अमुक तारखेपर्यंत न कळवल्यास मी अन्यत्र पाठवत आहे’ असं नम्रपणे लिहा आणि मोकळे व्हा.

यापुढे लेखाआधी विषय सुचवायचा असेल तर चार ओळीच पाठवा. तुमची खास माणसं, तुमच्या भेटी, हातमागावर बसलेल्या माणसाने तुम्हालाच सांगितलेलं, ते लेखात ठेवा. विषय दुसऱ्याला मिळेल, त्या घरात तुम्ही घालवलेली दुपार मिळणार नाही.

ओसरी (हुक्केरी)

मी सहसा वाचते, लिहीत नाही. हात थरथरताहेत हे वाचलं म्हणून लिहिते. मला सलग नकार आले तेव्हा मी दोन वर्षं लिहिलं नाही. आधी झोप गेली, मग जेवण, मग घरच्यांशी बोलणं. मला वाटायचं हे लेखकाचं दुःख आहे, ते असंच असतं. तसं नव्हतं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की तो आजार होता आणि त्याला औषध होतं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर कुणाशी तरी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. हे लेखनाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे दादा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

गोवावेस, रविवारी मी गावात येतोय. गणपत गल्लीतल्या वाचनालयात भेटूया का? गेल्या तीन वर्षांचे दिवाळी अंक काढून बसू. कोण बोलीतल्या कथा छापतं, कोण नवीन नावं घेतं, ते अंकच सांगतील. मी कायम न वाचता पाठवत आलोय, हे अंकवाल्यांचं वाचताना ध्यानात आलं.

गोवावेस (बेळगाव)

अक्का (ओसरी), झोप आहे, जेवण आहे. थरथर थांबली. तुम्ही लिहिलंत याचं फार मोल आहे. नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवला.

रविवारी मलप्रभाकाठ भेटले. पावणेचार तास बसलो. कोपऱ्यातल्या टेबलावर अंकांची चळत लावली आणि यादी केली. मी ज्यांना तीन वर्षं कथा पाठवत होतो त्यांतल्या एकाने त्या तीन वर्षांत बोलीतली एकही कथा छापलेली नाही. हे मला पहिल्याच वर्षी दिसलं असतं. याउलट दोन अंक असे सापडले की त्यांत मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी सगळं आहे. आपली बोली मात्र कुठंच नाही. आधी वाईट वाटलं. मग मलप्रभाकाठ म्हणाले, म्हणजे जागा रिकामी आहे गा.

घरी येऊन मूळ प्रत उघडली. अंकवाले सर, तुमचं खरं निघालं. धरसोड होती. अकरा ठिकाणी आजी स्वतःची भाषा सोडून बोलत होती आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. म्हणजे त्या संपादकांनाही कुठंतरी खटकलं असणार, फक्त उपाय त्यांनी उलटा सांगितला. अकरा जागा दुरुस्त केल्या. एकही कंस नाही. प्रमाण केलेली प्रत पुसून टाकली.

आईला पुन्हा वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत बसली. शेवटी एवढंच म्हणाली की आजी चुलीजवळ बसताना आधी ‘अगं आई गं’ म्हणायची, ते घाल. घातलं.

विणकरांच्या लेखातून माझ्या दुपारीच तेवढ्या ठेवल्या आणि बाकी काढलं. तो आता निम्मा झालाय, दुसऱ्या पुरवणीला चार ओळींचं पत्र पाठवलंय.

काका, खडेबाजारातून लाल पुठ्ठ्याची वही आणली. पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली. कथा, अंकाचं नाव, आजची तारीख, विचारणेची तारीख. त्याखाली, परत आली तर कुणाकडे, तेही लिहून ठेवलंय. मेल दिवसातून एकदाच उघडायचा, संध्याकाळी सातला.

जुना टपाल (टिळकवाडी, बेळगाव)

विचारणेची तारीख कुठली घातलीस ते कळव. मीही माझ्या वहीत लिहितो. मांजराकाठ, तुझी ती प्रेमकथा मला पाठव. मला वाचायची आहे.

गोवावेस (बेळगाव)

१४ ऑगस्ट, काका.